तांबडा डोंगर, काळं रान आणि आमच्या भिंतीची भेग

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'क्ले' आणि 'सिल्ट' यांना मराठीत काय म्हणतात हे मला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं, आणि कळलं तेही पुस्तकातून नाही, आमच्या आबांकडून. त्यामुळे शुद्धलेखन एडिटरने बघावं, बाकी तुम्ही सांभाळून घ्या.

विषय आहे माती. (पान उलटू नका! सॉइल मेकॅनिक्सचं सबमिशन नाहीये हे.)

आमचं घर शिरोळला. मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर जाते. ही भेग म्हणजे आमच्या घरातलं कॅलेंडर आहे. मे महिन्यात तिच्यात एक रुपयाचं नाणं आरामात उभं राहतं. ऑगस्टमध्ये तेच नाणं जात नाही. लहानपणी आम्हा भावंडांचा तो खेळच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, पाणी घरात शिरलं, आणि पाणी उतरल्यावर ती खोली एका बाजूला किंचित खचली. तेव्हापासून तिथे कोणी झोपत नाही. फक्त धान्याची पोती आणि जुना कूलर.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पप्पांनी ठरवलं की खोली पाडून नवीन बांधायची. मिस्त्री आले, टेप लावून झाली, चहा झाला, आणि मग पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सिव्हिलची ना? मग सांग, पाया किती खणायचा आणि खाली काय भरायचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीन वर्षांची फी डोळ्यांसमोरून गेली. मला सांगता येईना.

मिस्त्री म्हणाले, "मुरूम लागंपर्यंत खणू." पप्पा म्हणाले, वाळू भरू, ओळखीत स्वस्त मिळतीये. आबा पायरीवर बसून सुपारी कातरत होते. ते एवढंच म्हणाले, "ती पावसात फुगती, उन्हात आटती. मधी घर काय करंल बिचारं?"

या एका वाक्याचं उत्तर शोधता शोधता मी शिरोळवरून थेट गगनबावड्याला पोचले. कशी, ते सांगते.

माझी रूममेट गगनबावडा तालुक्यातली. तिच्या घराचा पाया हात-दीड हात, भिंती जांभ्या दगडाच्या, आणि एकही भेग नाही. पाऊस म्हणाल तर आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिच्याकडे पाच हजारांच्या वर. दहापट! म्हणजे पाण्यामुळे माती फुगते म्हणावं, तर पहिल्यांदा तिचं घर पडायला हवं. आणि गंमत अशी की दोघींच्या गावाखालचा खडक एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो तो. एकाच जिल्ह्यात, शंभर किलोमीटरच्या अंतरात, एकाच दगडाच्या दोन माती. एक तांबडी आणि गरीब, एक काळी आणि खोडकर.

असं का होतं? इथे थोडी केमिस्ट्री येणार, पण मी ती मेसच्या भाषेत सांगते.

पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते बेसाल्टमधल्या खनिजांना हळूहळू कुरतडतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतात, सिलिका सुटते, आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम बऱ्यापैकी जागेवरच राहतात. मग या सुट्या झालेल्या मालातून नवीन, अतिशय बारीक खनिजं तयार होतात. त्यांनाच क्ले मिनरल म्हणतात. म्हणजे क्ले ही नुसती दगडाची बारीक पूड नाही. दगडाची कितीही पूड केली तरी ती चिकट होत नाही. क्ले ही नव्याने घडलेली वस्तू आहे. मला हे कळलं तेव्हा खरंच धक्का बसला, कारण मी कायम 'दोन मायक्रॉनपेक्षा बारीक तो क्ले' एवढंच पाठ केलं होतं.

आता ब्रेड-बटर डोळ्यांसमोर आणा. सिलिकाचा थर म्हणजे ब्रेडची स्लाइस, अ‍ॅल्युमिनाचा थर म्हणजे बटर. एक स्लाइस आणि त्यावर बटर, हे झालं कॅओलिनाइट. अशा बटर लावलेल्या स्लाइस एकावर एक रचल्या की खालच्या स्लाइसचं बटर वरच्या स्लाइसला चिकटतं. पक्की चळत. मध्ये पाणी शिरायला जागा नाही. आता दोन स्लाइसच्या मध्ये बटर, म्हणजे पूर्ण सँडविच, हे झालं माँटमोरिलोनाइट. सँडविचवर सँडविच ठेवलं तर काय होतं? ब्रेडला कोरडा ब्रेड लागतो. काही चिकटत नाही. त्या फटीत पाणी शिरतं, थर दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी गेलं की थर परत जवळ येतात, माती आटते. आबांचं वाक्य ते हेच.

आणि पृष्ठभाग तरी केवढा! माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमला आतबाहेर मिळून आठशे चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग असतो. दहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर, घेतलं तर एक फुटबॉल ग्राउंड झाकून वर उरेल. कॅओलिनाइटच्या ग्रॅमला जेमतेम दहा-वीस चौरस मीटर.

मग कुठे काय बनणार हे कोण ठरवतं? पाऊस किती पडला हे नाही, पडलेलं पाणी निघून जाऊ शकलं का, हे. गगनबावड्याच्या उतारावर धो धो पाऊस पडतो आणि झिरपून, वाहून निघून जातो. जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन जातो आणि बरीचशी सिलिकाही. ब्रेडच वाहून गेला! उरली एकेक स्लाइस, म्हणून कॅओलिनाइट, आणि लोह गंजून आलेला तांबडा रंग. हेच आणखी लाखो वर्षं चाललं तर ब्रेड जवळजवळ संपतो आणि निव्वळ बटर उरतं. त्याला म्हणतात बॉक्साइट. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइटची खाण आहे आणि तिथला माल बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला गेलेला आहे. जांभा हा त्याच कुळातला, फक्त त्यात लोह जास्त. पन्हाळ्याला सहलीला गेलात तर तटबंदीचे फोटो काढायच्या आधी पायाखाली बघा, गडाच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. (कॅओलिन हे नाव चीनमधल्या गाओलिंग या ठिकाणावरून आलं. त्या शब्दाचा अर्थच उंच डोंगरकडा असा आहे म्हणे. बरोबर जागी सापडला!)

आणि वाहून गेलेल्या ब्रेडचं काय झालं? कुंभीचं पाणी पंचगंगेत येतं, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या शिरोळ तालुक्यात. इथे उतार नाही, पाऊस कमी, ऊन कडक. पाणी साचतं, रेंगाळतं आणि वाफ होऊन वर जातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका सगळं इथेच राहतं. काही माती इथल्याच बेसाल्टची झालेली, काही नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची, पण दोन्हीत ब्रेड भरपूर. त्यामुळे सँडविच. काळ्या रानात खणताना पांढरे चुनखडीचे खडे निघतात ना, ते न वाहून गेलेल्या कॅल्शियमचंच काम. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय खत, हा मात्र गैरसमज. आपल्याकडच्या काळ्या मातीत सेंद्रिय भाग थोडकाच असतो.

हा फरक बघायला शंभर किलोमीटर जायलाच पाहिजे असंही नाही. घाटाच्या पूर्वेला एखाद्या बुटक्या डोंगराच्या एकाच उतारावर वर पातळ तांबडी मुरमाड माती आणि खाली सपाटीला जाड काळी दिसते. बसमधून झोपा काढण्यापेक्षा बघत चला.

आता क्लासिफिकेशन. रूममेट सुट्टीवरून येताना पिशवीभर तांबडी माती घेऊन आली (तिच्या आईने लाडू दिले होते, ते कमी आणि माती जास्त!), मी घरून काळी आणली. लॅबमध्ये परवानगी काढली आणि लिक्विड लिमिटच्या त्या पितळी कपावर बसलो. एक सेंटिमीटर उंचीवरून टपटप पंचवीस ठोक्यांत खाच मिटली पाहिजे, हे सगळ्यांना माहीत आहे. या मर्यादांची कल्पना अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश केमिस्टची, १९११ ची. कप आणि तो प्रसिद्ध प्लॅस्टिसिटी चार्ट आर्थर कॅसाग्रांडेचा. आपलं आयएस १४९८ त्यावरच उभं आहे.

काळ्या मातीने सरळ उत्तर दिलं. लिक्विड लिमिट ६८, प्लॅस्टिक लिमिट २९, इंडेक्स ३९. ए-लाइनच्या वर, पन्नासच्या पुढे. सीएच, म्हणजे जास्त चिकट, जास्त दबणारी क्ले. तांबडीने मात्र आम्हाला रडवलं. पहिल्यांदा मी ती घाईत ओव्हनमध्ये वाळवली. लिक्विड लिमिट आलं ४७. लॅब असिस्टंट काकांनी ट्रे बघितला आणि म्हणाले, "तांबडी ओव्हनला लावलीस? परत कर, हवेवर वाळव." परत केलं तर ५६! तीच माती, तेच हात. अशा लोहयुक्त डोंगरी मातीतले कण तापवल्यावर एकमेकांना घट्ट धरून मोठे गोळे होतात आणि पुन्हा नीट सुटत नाहीत. म्हणजे मातीचं वर्गातलं नाव ओव्हनच्या बटणाने बदललं. चार्ट ज्या थंड देशांतल्या मातीवर तयार झाला, तिथे ही भानगड फारशी नव्हती.

बरं, हवेवर वाळवून तरी काय आलं? प्लॅस्टिक लिमिट ३५, इंडेक्स २१. ए-लाइनच्या खाली. एमएच. म्हणजे चार्ट म्हणतो, ही क्ले नाहीच, सिल्ट! रूममेट चिडली. "आमच्यात ह्याच मातीच्या चुली घालत्यात, आणि ही सिल्ट काय?" तिचं बरोबर आहे आणि चार्टचंही. चार्ट कणांचं गोत्र विचारत नाही, वागणूक विचारतो. कॅओलिनाइट खनिज म्हणून क्लेच, पण वागतं मवाळ.

मवाळ म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. सपाटीवर ती गरीब आहे. उतारावर, धो धो पावसात, तिच्या पोटातलं पाणी निघायला वेळ मिळाला नाही की कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. जांभ्याच्या खाली जो मऊ, पांढरट-पिवळा थर असतो, ज्याला किनारपट्टीकडे शेडी म्हणतात, तो तर कोरडा असताना कापला की भिंतीसारखा उभा राहतो आणि भिजला की ढासळतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव असंच गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २०२१ मध्ये महाडजवळ तळीये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणं थोडी वेगळी, पण झिजलेल्या मातीचा जाड थर, तीव्र उतार आणि सलग मुसळधार पाऊस हे तिन्हीकडे. रूममेटच्या वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीत एक लांब चीर आहे. जुलैमध्ये जास्त पाऊस झाला की तिचे घरचे शाळेत झोपायला जातात. हे तिने मला दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, लॅबमध्ये हात धुताना सांगितलं. मी माझ्या नाण्याएवढ्या भेगेचं कौतुक करत होते...

आमची भेग भिंतीत, त्यांची डोंगरात. चार्टवर दोन ठिपके मधे चार बोटांचं अंतर ठेवून बसलेत.

असो. पुढची टेस्ट माझी आवडती आहे, फ्री स्वेल. दोन मोजपात्रं घ्यायची, दोन्हीत दहा-दहा ग्रॅम माती. एकात पाणी, दुसऱ्यात केरोसीन. चोवीस तास ठेवायचं. केरोसीन त्या सँडविचच्या फटीत शिरून माती फुगवत नाही, पाणी फुगवतं. काळी माती केरोसीनमध्ये ११ मिलिलिटर, पाण्यात १९. म्हणजे ७३ टक्के फुगली. तांबडी केरोसीनमध्ये १२ आणि पाण्यात ११. उणे आठ टक्के! आम्हाला वाटलं पात्रांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी सरांनी सांगितलं की कॅओलिनाइट केरोसीनमध्ये कणांचे पोकळ झुबके करून जास्त जागा अडवतं, म्हणून उत्तर उणे येतं, चूक तुमची नाही. बेंगळुरूच्या आयआयएससीतले प्रा. श्रीधरन यांनी म्हणूनच वजाबाकीऐवजी सरळ भागाकार करायला सुचवलं. पाण्यातलं आकारमान भागिले केरोसीनमधलं. एकपेक्षा कमी म्हणजे न फुगणारी. आमच्या काळीचं १.७ आलं, म्हणजे मध्यम फुगणारी. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मध्यम व्हय? मग जास्तीची कसली असंल!"

आबांचं स्वतःचं क्लासिफिकेशन आहे. काळी, तांबडी, मळी, मुरमाड, चोपण. मळी म्हणजे नदीकाठचा गाळ, तो सिल्टकडे झुकणारा. चोपण म्हणजे सोडियम साठून बिघडलेली काळी, जिच्यात पाणी मुरतच नाही. (उसाला बेसुमार पाणी दिल्याने आमच्या तालुक्यात क्षारपड जमीन खूप झाली. आता शेतात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ती सुधारायची कामं चालली आहेत. तो वेगळा लेख होईल.) आबा मातीचा ओला गोळा करतात, अंगठ्याने वळी ओढतात, वाळलेलं ढेकूळ बोटांनी फोडून बघतात. आयएस कोडमधल्या फील्ड टेस्टमध्ये ढेकळाची कोरडी ताकद आणि वळीचा चिवटपणा हेच बघायला सांगितलंय, वळी फक्त तीन मिलिमीटर जाडीची! नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेच्या नकाशावर आमची काळी 'व्हर्टिसॉल' म्हणून येते. लॅटिनमध्ये उलटणं या अर्थाच्या शब्दावरून. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात ते सगळं फुगून आतली माती वर ढकलली जाते. शेत स्वतःला स्वतः नांगरतं. शेतकऱ्याला बरंच आहे. घराला नाही.

आता पप्पांच्या प्रश्नाकडे. मिस्त्रींचं 'मुरूम लागंपर्यंत' जमणार नव्हतं, कारण आठ फुटांचा चाचणी खड्डा घेतला तरी काळीच. वाळूबद्दल वाचायला लागले तेव्हा आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांचं काम सापडलं. काळ्या मातीतल्या कालव्यांचं अस्तर फुटायचं, त्यावर त्यांनी १९७० च्या दशकात उपाय काढला. त्यांच्या लक्षात आलं की फुगाफुगी वरच्या मीटर-दीड मीटरमध्येच जास्त असते. त्याखालची माती वरच्या थराच्या पकडीमुळे गप्प बसते. मग वर स्वतः न फुगणारी पण चिकटपणा असलेली माती मीटरभर दाबून बसवली, तर ती खालच्या काळीला तसंच धरून ठेवते. वाळूत चिकटपणा नाही, म्हणून ती पकडत नाही, आणि वर पाणी मात्र बिनदिक्कत खाली सोडते. म्हणजे पप्पांची स्वस्तातली वाळू भेगेला आमंत्रणच होती. दुसरा उपाय रूरकीच्या सीबीआरआयचा, खाली फुगीर कंद असलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा. तो उत्तम, पण आमच्या एका खोलीसाठी खर्च झेपणारा नव्हता.

न फुगणारी पण चिकट माती! अशी माती कुठे मिळते ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तांबडा मुरूम. डोंगराने ब्रेड धुवून टाकल्यावर उरलेला माल, काळ्या सँडविचच्या डोक्यावर.

पप्पांना हे सांगणं टेस्टपेक्षा अवघड होतं. वाळूचा अ‍ॅडव्हान्स देऊन झाला होता. मी मोजपात्रांचे मोबाइलवरचे फोटो दाखवले. पप्पा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे तुला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं तर अ‍ॅडव्हान्स वाचला असता." खरं आहे. मग माझ्या एकटीच्या शब्दावर नको म्हणून जयसिंगपूरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सगळं तपासून घेतलं. त्यांनी प्लिंथ बीमचं लोखंड वाढवलं आणि घराभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा सांगितला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. बाथरूमचं पाणी मुरायचा खड्डाही भिंतीपासून लांब हलवायला लावला.

मार्चमध्ये चार डंपर मुरूम आला. प्रत्येक खेपेतली मूठभर माती मी आधी पाणी-केरोसीनमध्ये घालून बघितली. तिसऱ्या डंपरमध्ये काळीची भेसळ निघाली, तो परत पाठवला. ड्रायव्हर माझ्याकडे बघून पप्पांना म्हणाला, "साहेब, ह्या मॅडम कोण?" सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून, रोलर फिरवून एक मीटर भरलं. आबा काठीने प्रत्येक थर टोचून बघत होते. त्यांची टेस्ट कुठल्या कोडमध्ये नाही, पण मिस्त्री त्यांनाच जास्त घाबरत होते.

नवीन खोलीच्या भिंती आता स्लॅबपर्यंत आल्या आहेत. तिला लागून जी जुनी भिंत ठेवलीय, तिच्या भेगेवर मी प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवलीय. भेग हलली तर काच तडकेल. अशीच एक पट्टी नव्या भिंतीवरही लावलीय. रूममेटने तिच्या वाडीवरच्या चिरेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्यात आणि तिचा धाकटा भाऊ दर रविवारी टेपने अंतर मोजून तिला फोनवर सांगतो. सरांनी तो आकड्यांचा कागद मागून घेतलाय, तहसील कार्यालयात द्यायला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी आम्ही दोघी हॉस्टेलवर नसू. मेस सेक्रेटरीने त्या दिवशीची भाजीची ड्युटी आमच्या नावावर लावू नये, ही नम्र विनंती.